आकडा उतरला, गुडघा नाही

फाइलमध्ये एएसओ या रक्ततपासणीचे चार रिपोर्ट तारीखवार लावलेले होते. ४८०, ४२०, ३००, २१०. प्रत्येक आकड्याखाली निळ्या पेनाची रेघ. फाइल माझ्यापुढे सरकवत मुलीची आई म्हणाली, “मॅडम, रिपोर्ट सुधारतोय. फक्त गुडघा तेवढा उतरत नाहीये.”

या एका वाक्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. मुलगी सव्वाचार वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिच्या आजारात कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष आजार यांची तीन वेळा फारकत झाली, तीही तीन वेगळ्या तऱ्हांनी.

सुरुवात नऊ महिन्यांपूर्वीची. घरात लग्न होतं, हळदीच्या दिवशी ती अंगणात पडली. आठवड्याभराने आंघोळ घालताना आईला डावा गुडघा सुजलेला दिसला. पडण्याशी त्याचा संबंध जोडला गेला, आणि त्यात घरच्यांची काही चूक नाही. साडेतीन वर्षांचं मूल रोजच कुठेतरी पडतं, त्यामुळे सूज दिसली की मागे एखादं पडणं सापडतंच. गुडघ्याला पट्टी बांधली, मग काही दिवस प्लास्टर. अडीच महिने असे गेले. मग रक्त तपासलं, त्यात एएसओ ४८० आला आणि लॅबच्या कागदावर शेजारी छापलं होतं, ‘२०० पेक्षा कमी’. त्या आकड्यावरून निदान ठरलं: वातज्वर, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांध्यांना आणि हृदयाला सूज आणणारा आजार. हृदयाला धोका आहे असं सांगून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं. माझ्याकडे येईपर्यंत अशी ९ इंजेक्शनं झाली होती. दर इंजेक्शनच्या आधी ती रडून रडून उलटी करायची, हे आईने नंतर सांगितलं.

एएसओ ही घशात येऊन गेलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी. संसर्गानंतर साधारण आठवड्याने ती वाढू लागते, तीन ते सहा आठवड्यांत सर्वांत वर जाते आणि मग काही महिने हळूहळू उतरत राहते. औषध दिलं तरी उतरते, न दिलं तरी उतरते. शाळकरी वयाच्या निरोगी मुलांतही २०० च्या वरचा आकडा सहज सापडतो, कारण या वयात घशाला वरचेवर संसर्ग होतो आणि कागदावर छापलेली मर्यादा बहुधा मोठ्यांची असते. मध्यंतरी घशाला संसर्ग होऊन गेला, एवढंच तो आकडा सांगतो. गुडघा का सुजला, याचं उत्तर त्यात नसतं.

पहिल्या डॉक्टरांची बाजूही मांडायला हवी. आपल्याकडे वातज्वर आजही आहे आणि तो चुकवला तर हृदयाच्या झडपा जातात, हा धाक खरा आहे. वातज्वराच्या निदानाचे जोन्स निकष १९४४ सालचे. २०१५ च्या सुधारणेत, जिथे हा आजार जास्त आढळतो अशा प्रदेशांसाठी एकाच सांध्याची सूजही मुख्य लक्षण म्हणून धरायची मुभा दिली आहे. त्यामुळे सुरुवातीला शंका घेणं चुकीचं नव्हतं. पण वातज्वराची सांधेसूज फिरती असते, एका सांध्यात काही दिवस थांबते, पुढच्यात जाते, आणि साध्या सूजविरोधी औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडतो. एकाच गुडघ्यात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारी सूज वातज्वराची नसते. दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी कुणी फाइल बाजूला ठेवून गुडघ्याला हात लावला असता, तर हे तेव्हाच कळलं असतं. लक्ष आकड्यावर होतं, आणि आकडा उतरत होता.

सोबत आजी आली होती. मी सकाळचं विचारलं तेव्हा आईच्या आधी तीच बोलली: “उठली की पाय सरळच करत न्हाई बघा. भाकरी होईस्तवर लंगडती, मग पळती पोरांच्या मागं.” सकाळचा आखडलेपणा इतका नेमका मोजलेला मी क्वचितच ऐकला आहे. चूल पेटल्यापासून भाकऱ्या होईपर्यंत, म्हणजे पाऊण तास तरी. ‘पाय दुखतो’ असं मात्र ती कधी म्हणाली नव्हती. या वयाची मुलं दुखतंय असं सांगत नाहीत. ती जिना चढायचं टाळतात, चालता चालता ‘कडेवर घे’ म्हणतात आणि मांडी घालायची सोडून एक पाय लांब करून बसतात. ही तिन्ही उत्तरं घरात होती, पण तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

तपासताना डावा गुडघा कोमट लागला, लाल नव्हता. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून आले होते. पाय पूर्ण सरळ होत नव्हता, १५ अंश कमी पडत होते. मांडीचा घेर उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटरने कमी भरला. आणि डावा पाय उजव्याहून एक सेंटिमीटर लांब होता. याचं घरच्यांना आश्चर्य वाटलं, आजारी पाय उलट वाढतो कसा? सुजलेल्या सांध्याकडे रक्त जास्त जातं आणि शेजारच्या हाडाचं वाढीचं टोक घाईने वाढू लागतं, म्हणून. लांबीतला हा फरक दिसला की सूज जुनी आहे हे समजावं. उजवा घोटाही सुजलेला होता. त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं, कारण सगळ्यांचे डोळे गुडघ्यावर.

हृदयाची इको नॉर्मल. आपल्याकडे एका सांध्याची जुनी सूज म्हटली की क्षयाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून मांटू चाचणी, छातीचा एक्स-रे आणि गुडघ्यातल्या पाण्याची तपासणी केली. सगळं निर्धोक निघालं. रक्ताच्या कर्करोगाच्या खुणा नव्हत्या. हिमोग्लोबिन १०.२, शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारा ईएसआर ३८. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातात बघतात ती एक अँटिबॉडी, निगेटिव्ह. एएनए, म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी, पॉझिटिव्ह, १:३२०.

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली आणि दुसरं कारण न सापडणारी सांधेसूज म्हणजे बालसंधिवात. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरले तर तो मोजक्या सांध्यांचा प्रकार. ही मुलगी त्यात बसत होती. युरोप-अमेरिकेत हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. आपल्या ओपीडीत मोठ्या मुलग्यांचा, टाच आणि कमरेकडे वळणारा प्रकार जास्त येतो, आणि म्हणूनच लहान मुलीचा एकटा सुजलेला गुडघा आपल्या मनात पटकन बालसंधिवाताकडे जात नाही, असं मला वाटतं.

इथे एएनएचा एक मोठा उपयोग आहे, आणि तो पहिल्याच भेटीत करून घ्यायचा असतो. लहान वयात सुरू झालेला, मोजक्या सांध्यांचा आणि एएनए पॉझिटिव्ह असा बालसंधिवात असेल, तर डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येण्याचा धोका जास्त. ही सूज फसवी असते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल काही सांगत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघून ती डॉक्टरलाही दिसत नाही, स्लिट लॅम्प हे नेत्रतज्ज्ञांचं सूक्ष्मदर्शक लागतं. एएनए निगेटिव्ह आला म्हणून डोळे सुरक्षित असंही नाही, पण पॉझिटिव्ह आला तर दर तीन महिन्यांनी तपासणी ठरलेली.

त्याच आठवड्यात तिला स्लिट लॅम्पखाली बसवलं, म्हणजे आजीच्या मांडीवर आणि मोबाइलवर कार्टून लावून. उजव्या डोळ्यात पुढच्या कप्प्यात पेशी तरंगत होत्या, ही त्या सुजेचीच खूण; प्रमाण दोन प्लस. बाहुलीच्या कडेला बुबुळ एका जागी भिंगाला चिकटलेलं. बाहेरून दोन्ही डोळे टपोरे, पांढरेशुभ्र. आईचा विश्वासच बसेना. नेत्रतज्ज्ञांनी तिला दुसऱ्या भिंगातून ते दाखवलं, तेव्हा ती खुर्चीत मटकन बसली.

आजार किती जोरात आहे हे मोजण्यासाठी आम्ही जाडास नावाचं मोजमाप वापरतो. २००९ मध्ये आलं. यात चार गोष्टींची बेरीज असते: डॉक्टरच्या मते आजार १० पैकी किती, आईवडिलांच्या मते मूल कसं आहे ते १० पैकी किती, सुजलेले किंवा आखडलेले सांधे किती, आणि ईएसआर. ईएसआरमधून २० वजा करून १० ने भागायचं. तिचा हिशोब असा झाला: माझे ५, आईचे ४, सांधे २ आणि ईएसआरचे १.८, एकूण १२.८. मोजक्या सांध्यांच्या प्रकारात ४.२ च्या वर गेलं की आजार जोरात, असं मूळ मोजमापात धरलं आहे. या बेरजेत एकही अँटिबॉडी नाही. एएसओ, आरए, एएनए यांतलं काहीच नाही.

पेनिसिलिन थांबवलं. त्यावर घरात बराच वाद झाला. इंजेक्शन चुकलं तर हृदय जाईल हे वाक्य सहा महिने कानावर पडलेलं, ते एका भेटीत कसं पुसलं जाणार? इकोचा रिपोर्ट समोर ठेवून दोनदा समजावलं. गुडघ्यातलं पाणी काढून आत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब, सुरुवातीला तासातासाने, आणि बाहुली मोठी करणारे थेंब. असे थेंब जास्त काळ चालवता येत नाहीत, डोळ्यातला दाब वाढतो आणि मोतीबिंदूची भीती असते. म्हणून सूज आतून आवरणारं मेथोट्रेक्सेट, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने सुरू केलं. आठवड्यातून एकदाच, दर रविवारी; रोज नाही, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण ही गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतते. मेडिकलवाल्याने ‘हे कॅन्सरचं औषध आहे’ असं सांगितलं आणि पहिल्या रविवारी गोळी दिलीच गेली नाही. दुसऱ्या रविवारी फोनवर बोलून ती दिली. आता मी ते वाक्य मेडिकलवाल्याच्या आधी स्वतःच सांगते.

चौथ्या महिन्यात गुडघा सपाट, घोटा सपाट. भाकरी व्हायच्या आत ती अंगणात. डोळे शांत, ईएसआर १२, जाडास ०.५ वर. त्याच सुमारास वडिलांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. ते चाकणला कंपनीत कामाला आहेत. तिथल्या एका लॅबमध्ये त्यांनी स्वतःहून एएनए करून घेतला होता. १:६४०, ठळक अक्षरांत. खाली फक्त एवढंच: “डबल झालंय. डोस डबल करायचा का?”

ही दुसरी फारकत. पहिल्या वेळी आकडा उतरत होता आणि आजार जागचा हलत नव्हता. आता आजार निवला होता आणि आकडा चढला होता.

पुढच्या भेटीत मी त्यांना ताकाचं उदाहरण दिलं. घट्ट ताकाचा एक पेला घ्या. त्यात तेवढंच पाणी घाला, मग त्या मिश्रणात पुन्हा तेवढंच, मग पुन्हा. कितव्या पेल्यापर्यंत ताकाची चव लागते? एएनएची चाचणी तशीच आहे. रक्तातला द्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात, पेशींवर टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुठवर चमक दिसते ते बघतात. १:३२० आणि १:६४० यांत फक्त एका पेल्याचं अंतर. साताऱ्याच्या लॅबमध्ये ज्याने चव घेतली तो वेगळा, चाकणला घेतली तो वेगळा, पेशी वेगळ्या, सूक्ष्मदर्शकही वेगळा. तोच नमुना त्याच लॅबला दुसऱ्या दिवशी दिला तरी एका पेल्याचा फरक पडू शकतो. वडिलांना हे लगेच पटलं. कंपनीत ते मापं तपासायच्याच कामावर आहेत.

आणि समजा फरक खरा असता तरीही काही बदललं नसतं. या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी शरीरात दीर्घकाळ तग धरून असतात. सांध्यातली सूज चालते ती दुसऱ्या पेशींच्या आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशा संदेशक प्रथिनांच्या जोरावर. आपण औषधाने लगाम घालतो तो मुख्यतः त्यांना. एएनए आपल्या जागी राहतो. हे मूल कोणत्या कुळातलं, डोळ्याला धोका किती, हे तो सांगतो. आज आजार किती पेटला आहे, हे सांगत नाही. आरए फॅक्टर आणि सीसीपी अँटिबॉडीचंही असंच. बहुधा दहा-बारा वर्षांपुढच्या मुलींत, हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या प्रकारात ते पॉझिटिव्ह येतात आणि आजार चिवट आहे हे आधीच बजावतात. निदान पक्कं करायला आरए तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा बघावा लागतो. तेवढ्यापुरतं ठीक, पण दर भेटीला त्याचा आलेख काढून हाती काही लागत नाही.

गोंधळाचं मूळ कदाचित ल्युपसमध्ये, म्हणजे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं अशा दुसऱ्या एका आजारात असावं. तिथे डीएनएविरोधी अँटिबॉडीचा आकडा बऱ्याच रुग्णांत आजाराबरोबर वरखाली होतो, विशेषतः मूत्रपिंडाला धक्का असेल तेव्हा, म्हणून तो वारंवार बघतात. तीच सवय आपण बालसंधिवाताकडे घेऊन येतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही दर सहा महिन्यांनी एएनए लिहीत असे. फॉर्मवर चौकोन असायचा, खूण करायची. जुने कागद चाळताना आज दिसतं की एका मुलीचं औषध कमी करायला मी उशीर केला, केवळ तिचा एएनए ‘खाली येत नाही’ म्हणून. तिचे सांधे आणि डोळे तेव्हा वर्षभर शांत होते. ते महिने तिला विनाकारण मळमळीत काढावे लागले, हे मला सलतं. बालसंधिवाताचं निदान झाल्यावर पॉझिटिव्ह एएनए पुन्हा करू नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या बालसंधिवाततज्ज्ञांनी २०१३ मध्येच टाळायच्या पाच गोष्टींच्या यादीत लिहिलं होतं.

तिसरी फारकत सर्वांत महाग पडली. ऊसतोडीचे दिवस होते, घरात गडबड, आणि लहान मुलांचा डोळा स्लिट लॅम्पवर सफाईने बघणारे नेत्रतज्ज्ञ दोन तासांवर. तीन महिन्यांची तपासणी पाच महिन्यांवर गेली. दरम्यान माझ्याकडच्या भेटीत सांधे निर्मळ होते, ईएसआर १०, जाडास शून्य. मी त्या दिवशी समाधानाने ‘शांत’ असं लिहिलं आहे. तीन आठवड्यांनी स्लिट लॅम्पखाली उजव्या डोळ्यात पुन्हा पेशी दिसल्या, एक प्लस.

जाडासमध्ये डोळा नाही. अँटिबॉडीवर विसंबू नका असं सगळ्यांना सांगणारी मी, दुसऱ्या एका आकड्यावर विसंबले. ‘आजार निष्क्रिय’ ठरवण्याच्या निकषांत डोळ्यात सूज नसणं स्पष्टपणे आहे. ते मला पाठ होतं, पण त्या दिवशी डोळ्याचा ताजा कागद समोर नसताना मी तो शब्द लिहायला नको होता. आता आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर डोळ्याच्या तपासणीची तारीख असते आणि ती उलटून गेलेली असेल तर त्या भेटीत ‘शांत’ लिहायचं नाही.

थेंब वाढवले, पेशी गेल्या; कमी करताच परत आल्या. मेथोट्रेक्सेट चालू असताना असं झालं की पुढची पायरी अडालिमुमॅब, टीएनएफला अडवणारं इंजेक्शन. याचा भक्कम पुरावा ब्रिटनमधल्या सिकॅमोर चाचणीने २०१७ मध्ये दिला. मेथोट्रेक्सेट असूनही डोळ्यात सूज असलेली ९० मुलं त्यात होती. अडालिमुमॅब जोडलेल्या गटात २७ टक्क्यांमध्ये उपचार अपयशी ठरला, नुसत्या मेथोट्रेक्सेटच्या गटात ६० टक्क्यांमध्ये. भारतात २०१४ अखेरपासून त्याचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध मिळतं, म्हणून गावातल्या कुटुंबाशी ही गोष्ट निदान बोलता तरी येते. क्षयाच्या चाचण्या पुन्हा केल्या आणि दर दोन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम सुरू केलं. इंजेक्शन घरीच द्यायला आजी शिकली. आईचा हात थरथरायचा.

वडिलांना तेव्हाच एक गोष्ट सांगून ठेवली: या औषधाने एएनए वाढू शकतो, नसलेल्यांत नव्याने येऊही शकतो. तेव्हा तो करू नका. याउलट एका अँटिबॉडीचा आकडा कधीतरी खरंच मागावा लागेल, ती म्हणजे खुद्द अडालिमुमॅबविरुद्ध शरीर बनवू शकतं ती. औषध चालू असून डोळा पुन्हा सुजला, तर औषधाची रक्तातली पातळी आणि ही अँटिबॉडी दोन्ही बघतात. ती जास्त आणि पातळी नगण्य असेल तर औषध बदलायचं. मेथोट्रेक्सेट सोबत चालू ठेवलं की ती कमी बनते, म्हणून रविवारची गोळी सुटली नाही. अजून ही तपासणी करायची वेळ आलेली नाही.

मुलगी आता साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत जाते आणि वर्गात मांडी घालून बसते. डोळे १४ महिने शांत आहेत. चिकटलेली एक जागा तशीच राहिली, नजर चांगली आहे. पायांच्या लांबीतला फरक ०.६ सेंटिमीटरवर आला आहे. औषध कधी थांबवायचं, हे वडील दर भेटीला विचारतात. डोळा सलग दोन वर्षं शांत राहिल्याशिवाय मी तो विषय काढणार नाही, म्हणजे अजून दहा महिने. त्यांच्या वहीत आता तीन रकाने आहेत: सकाळी किती मिनिटं आखडली, मांडी घातली का, डोळ्याची पुढची तारीख. ती तारीख यंदाही ऊसतोडीत येते. चाकणला त्यांनी रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे.